उघाडीच्या फळ्या

गास, ४ ऑगस्ट २०२५

ती. सत्यवती आत्यास,
प्रितेशचा नमस्कार.

पत्र टाकतो टाकतो म्हणत जून गेला, जुलै गेला. विसरलो म्हणणार नाही, कारण विसरलो नव्हतो. रोज आठवायचं आणि रोज वाटायचं, काहीतरी होऊ दे, मग लिहू. काही झालंच नाही. काल ॲन्सेल्म म्हणाला, "अरे, काही झालं नाही हेच लिही ना. ती म्हातारी तिकडे पोस्टमनकडे डोळे लावून बसली असेल." (ॲन्सेल्म म्हणजे पापडीचा माझा दोस्त, मंडप आणि साउंडचं काम करतो. म्हातारी तो म्हणाला, मी नाही.)

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं वाचवत नाही, म्हणून कागद आणला. माझं अक्षर बारावीच्या पेपरानंतर कुणी पाहिलेलं नाही. तिथेही पाहून काय केलं ते तुला माहीत आहे.

तर तुझं काम. दिल्लीच्या योजनेत शेतमजुरांच्या लढ्यांच्या जागा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून घेणार आहेत, आणि आपल्या त्र्याहत्तरच्या संपाचा बांध त्या यादीत आहे, हे खरं आहे. यादीत आहे, बस. विरारच्या ऑफिसात गेलो, ते म्हणाले पालघरला जा. पालघरला म्हणाले, ही जमीन खाडीकाठच्या खाजणातली, तिचं खातं वेगळं. त्या वेगळ्या खात्यात साहेब रजेवर. परत येताना सफाळ्याला उतरलो, कारण शेजारी बसलेला माणूस चिंबोऱ्या धरायला चालला होता आणि म्हणाला चल. दोन दिवस तिथेच गेले. पण चिंबोऱ्या काय होत्या, आत्या! असो.

गावात समिती आहे. अध्यक्ष आत्मारामभाऊ, लग्नाच्या हॉलवाले. त्यांना बांधावर मुठीचा पुतळा, रंगीत कारंजं आणि पार्किंग पाहिजे. मी म्हटलं, "भाऊ, बांधावर गाडी जाते का?" म्हणाले, "जात नाही ना? म्हणूनच आधी पार्किंग."

हसू नकोस. रस्त्याकडून भरावाचे ट्रक यायला लागलेत. मागच्या पावसात जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे आता विटांचे तुकडे आणि फुटके कमोड. उद्यान झालं तर बांध वाचला. नाही झालं तर दोन-तीन वर्षांत बांधातल्या पाणी सोडायच्या उघाडीच्या जागी सोसायटीचा गेट आणि वॉचमनची खुर्ची.

एकच अडचण, बळीरामकाका. उघाडीला लागून असलेलं खाचर त्यांचं, समितीला त्यांची सही पाहिजे. विषय काढला की उठून जातात. जमीन जाईल म्हणून घाबरले असणार. तुझा सख्खा भाऊ आहे, तू दोन ओळी लिही ना त्यांना.

आणि संपात काय झालं ते मला पानभर लिहून पाठव. सप्टेंबरात दिल्लीहून कुणी मॅडम जागा बघायला येणार आहेत.

तुझा,
प्रितेश


नाशिक, १२ ऑगस्ट

चि. प्रितेश यास अनेक आशीर्वाद.

दोन महिने. मला वाटलं कुठल्या ट्रकवर बसून गुजरातेत गेलास. तुझा भरवसा नाही, पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला? जितेशला सांगितलं तर तो म्हणतो, "आई, आता कशाला ते?" त्याला सुट्टी नाही, सुनेला वेळ नाही. घरात एकटी नात आर्या माझ्या कानाशी ओरडून बोलते, तीही आता दहावीला.

ॲन्सेल्मला सांग, म्हातारी अजून मासे स्वतः साफ करते.

संपाचं विचारलंस. आम्हाला लावणीची मजुरी मिळायची, कापणीची मिळायची. बांधाची नाही. भरतीला उघाडीत फळ्या लावायच्या म्हणजे खाडीचं पाणी शेतात येत नाही, ओहोटीला काढायच्या म्हणजे पावसाचं पाणी खाडीत जातं. बांधाला भोक पडलं की चिखलाने लिंपायचं. दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका. हे सगळं फुकट. मालक म्हणायचे, बांध तुमचाही आहे. भात मात्र त्यांचं.

म्हणून भादव्याच्या अवसेला, उधाणाच्या तोंडावर, आम्ही बायका उघाडीच्या डोक्यावर जाऊन बसलो. फळ्या लावणार नाही आणि कुणाला लावू देणार नाही. बांधाची मजुरी ठरवा, मग बघू. मी एकोणीस वर्षांची. डोक्यावर पानांची इरली, खाली चिखल. एकीने घरी कुणी नाही म्हणून कोंबडी काखेत धरून आणली होती. ती कोंबडी सगळ्यांच्या मांडीवर फिरली. केळीच्या वाडीवाल्या हिलरीची आई पेजेचा टोप डोक्यावर घेऊन यायची. तिची माणसं काही मालकाकडे मजुरीला नव्हती, तरी यायची.

पुढचं तिथे सगळ्यांना माहीत आहे. मी काय वेगळं लिहू?

बळीला मी लिहिणार नाही. तो काय म्हणतो ते मात्र मला शब्दाला शब्द कळव. तुझं ‘असं असणार, तसं असणार’ नको.

कारंजं करायला लागले तर मला आधी जाळा म्हणावं.

सत्यवती आत्या


गास, १ सप्टेंबर

ती. आत्यास नमस्कार.

या वेळी फक्त वीस दिवस लावले. गणपतीत कोण पत्र लिहितं?

तू म्हणालीस पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आहे ना, प्रत्येकाला वेगळं! आत्मारामभाऊ म्हणतात पाणी शिरलं, भात बुडालं आणि मालक पाण्यातून चालत येऊन बायकांच्या पाया पडला. रामनाथ आजोबा म्हणतात पाया पडला नाही, पण धोतर भिजलं होतं. पाणी किती, तर त्यांच्या हिशेबाने पेंढ्याच्या उडव्यापर्यंत. हिलरीला विचारलं, त्याची आई जाऊन वर्षं झाली. तो म्हणाला, "ममा कधी पाण्याचं बोललीच नाय. पेज किती शिजवायची तेवढंच सांगायची." मग त्याने मला त्यांच्या वाडीतली केळी दाखवली, त्यात दुपार गेली.

आता काका. शब्दाला शब्द. ते बांधावर चिंबोरीचं बीळ पायाने चिखल दाबून बुजवत होते.

"काका, संपात तुम्ही किती वर्षांचे?"

"चौदा."

"कुठे होता?"

"हितंच."

"पाणी शिरलं तेव्हा मालक काय म्हणाला?"

आणखी एक चिखलाचा गोळा बिळात दाबला. मग म्हणाले, "सत्तीला इचार." मी म्हटलं, तिने तुम्हाला विचारायला सांगितलंय. तर म्हणाले, "भात निसवलंय. पाय बगून टाक."

आता यातून मी काय समजायचं? सही मागितली की असंच. इतकी वर्षं त्या बांधावर राबलेला माणूस त्याच्याबद्दल चार वाक्यं बोलत नाही आणि हॉलवाला चार तास बोलतो. डोकं फिरतं माझं.

पण एक चांगली बातमी. मॅडम २३ सप्टेंबरला येणार, नक्की. अवसेनंतरचं उधाण आणि भरती दुपारची. आत्मारामभाऊंच्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी बरं आलंय. म्हणतात, मॅडमना फोटो काय दाखवायचे, संपच दाखवू. बायका बांधावर बसतील, आपण पाचच मिनिटं फळ्या काढायच्या, पाणी आत येताना दिसलं की परत लावायच्या. ॲन्सेल्म ड्रोन उडवणार. खरं सांगू, या सगळ्या कंटाळ्यात मला हेच एक आवडलं. काकांना विचारलं, त्यांच्याच खाचरात पाणी येणार ना. ते काही बोलले नाहीत. म्हणजे हो.

बोर्डाचा मजकूरही झाला. शेवटची ओळ अशी: ‘पाणी शिरले आणि मालक नमला.’ कशी वाटते?

तुझा,
प्रितेश


नाशिक, ९ सप्टेंबर

चि. प्रितेश यास आशीर्वाद.

फळ्यांना हात लावू नका. ‘पाचच मिनिटं’ कसली? तू जन्मला नव्हतास तेव्हापासून त्या उघाडीने भल्याभल्यांना पाणी दाखवलंय. फळी बसते ती ओहोटीला. एकदा पाण्याला वाट मिळाली की फळी हातातून ओढून नेतं. बायका बसल्या एवढं दाखवा, पुरे आहे. बसणं कमी आहे का?

बळी बोलला नाही म्हणजे हो नव्हे. आमच्या घरात न बोलण्याचा अर्थ हो कधीच नव्हता.

आणि बोर्डावर ‘पाणी शिरले’ लिहू नका. का ते विचारू नकोस. आत्मारामला विचार, त्याला तेव्हा दात आले होते का.

तो ‘सत्तीला इचार’ म्हणाला, हे त्याचेच शब्द की तुझे?

सत्यवती आत्या


गास, २५ सप्टेंबर

आत्या,

नमस्कार वगैरे राहू दे. सगळं बोंबललं.

तुझं पत्र मिळालं होतं. वाचलं होतं. मला वाटलं वयस्कर माणसांना पाण्याची भीती वाटते, तशी तुला वाटली. आत्मारामभाऊंना वाचून दाखवलं तर म्हणाले, "बाईमाणूस नाशिकला राहून काय सांगणार?" मी तेव्हा भांडायला पाहिजे होतं. नाही भांडलो, कारण ड्रोन बघत होतो.

मीरा मॅडम साडेबाराला आल्या. पांढरा ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, बरोबर एक सर्वेवाला. सारख्या घड्याळ बघत होत्या, त्यांना संध्याकाळचं विमान. आत्मारामभाऊंनी हार, शाल, नारळ आणि भाषण, यात अर्धा तास घालवला. तोवर भरती चढली. बायका बसलेल्याच होत्या. शेजारच्या हेमांगी वहिनींना इरली शोधून शोधून चारच मिळाली, बाकीच्यांनी छत्र्या घेतल्या. ‘बांधाची मजुरी द्या’ म्हणून घोषणा दिल्या. मॅडमनी पहिल्यांदा घड्याळावरून नजर काढली, हे मी पाहिलं.

मग मी आणि ॲन्सेल्मने फळ्या उपसल्या.

आत्या, पाणी दुधासारखं फेसाळत आत आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्मारामभाऊ माइकवरून ओरडले, "मॅडम, असंच पाणी शिरलं होतं!" मग म्हणाले, "बस, लावा." मी पहिली फळी खाचेत घातली आणि ती अशी उडाली की ॲन्सेल्मच्या नडगीला लागून थेट भातात. दुसरीचे तर दोन तुकडे. अजून पाणी गुडघ्याएवढंच होतं. काका चार पावलांवर उभे होते. ते पायाने फळी कशी दाबतात, पाचर कशी मारतात, मी शंभर वेळा पाहिलंय. त्यांनी मनात आणलं असतं तर लागल्या असत्या.

मी ओरडलो, "काका, लावा ना! तुमचंच भात जातंय!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच जाऊन बायकांच्या रांगेत, हेमांगी वहिनींच्या शेजारी बसले. मांडी घालून. म्हणाले, "म्यां येकदा लावल्या हुत्या. बस झालं."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. वेडा म्हणालो, एवढं धर. ते हलले नाहीत. पाणी ओंब्या बाहेर पडून निसवलेल्या भातावरून गेलं, पार त्या ट्रकवाल्यांच्या भरावापर्यंत. सर्वेवाला काठी घेऊन फिरत होता आणि मॅडमना आकडे सांगत होता. मॅडम बूट हातात घेऊन गाडीत बसल्या. जाताना मला म्हणाल्या, "इथे रोज असंच पाणी येतं का?" मी म्हटलं, "नाही, फक्त आज." त्यांनी मान हलवली, पण लिहिलं काय ते दिसलं नाही.

ओहोटी लागल्यावर काकांनी उरलेल्या फळ्या नीट बसवल्या, तेव्हा बाकी सगळे निघून गेले होते. मी मदतीला गेलो तर हाकललं नाही. भात सगळं आडवं, वर मिठाचा चिकटा. खालच्या कोपऱ्यातला एक तुकडा दाखवून म्हणाले, "हितं आयचं हुतं." एवढंच. मग खांद्यावर फावडं टाकून घरी.

याचा अर्थ काय? एक माणूस आपलं उभं पीक बुडू देतो आणि वर असं कोड्यात बोलतो. मला कंटाळा आलाय या गावाचा. राजोडीला बीचवरच्या एका हॉटेलात शनिवार-रविवार माणूस पाहिजे म्हणतात. जाऊ का?

प्रितेश


नाशिक, ३ ऑक्टोबर

चि. प्रितेश,

कुठेही जाऊ नकोस.

‘हितं आयचं हुतं.’ असंच म्हणाला? तू नीट ऐकलंस? मी तुझं पत्र आर्याकडून पुन्हा मोठ्याने वाचून घेतलं. मग तिला बाहेर पाठवलं.

आता लिहिते. पाणी कधी शिरलंच नाही. आम्ही बसलो होतो हे खरं. पण उधाणाच्या दिवशी पहाटे ओहोटीला डोळा लागला सगळ्यांचा, आणि भरती आली तेव्हा बघतो तर खाली फळ्या बसलेल्या. पक्क्या, पाचर मारून. वरून हात पोचेना, पाण्याच्या जोराने त्या आणखीच घट्ट. मालकाचं शेत कोरडं राहिलं. बायका रडल्या. सगळ्यांनी धरलं, मालकाच्या माणसांनी रात्री काम केलं. मी घरी आले तर बळी चुलीपुढे बसलेला, छातीपर्यंत खाडीचा चिखल. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या पोराला गावात कुणी पाण्याला विचारलं नसतं. पण त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नाही. त्या आठवड्यात घरात भात शिजला, तेव्हा मी धरून चालले की मालकाने त्याला गोणीभर तांदूळ दिला. लग्न होऊन इकडे आले. आई गेली तेव्हा आले, दोघं अंगणात दोन कडांना बसलो. बस.

मालक नमला तो कापणीला. भात पिकून ओंब्या गळायला लागल्या, पण एक बाई विळा घेऊन गेली नाही. सात गावांतली एकही नाही. तेव्हा बांधाची मजुरी ठरली, आणि मग सगळ्या खाजणात ठरली. लढा तो होता.

आईचं म्हणजे काय, तुला माहीत नसणार. मालकाच्या शेतात, जे पुढे बळीचं झालं, उघाडीजवळ एक कोपरा आईला खायला म्हणून दिला होता. तिचं रोप तिने वेगळं लावलं होतं. पाणी शिरलं असतं तर सगळ्यात आधी तेच गेलं असतं. आम्ही बसलो तेव्हा आई म्हणाली होती, जाऊ दे. मला वाटलं तेवढ्यात विषय संपला. बळीला कुणी विचारलंच नव्हतं.

मला तांदळाचं खरं वाटलं, कारण ते सोपं होतं.

बोर्डावर खरं लिहा. पाणी शिरलं नाही, कापणीला कुणी गेलं नाही म्हणून मालक नमला. बळीचं नाव कुठे येता कामा नये. हे पत्र त्याला दाखवू नकोस.

सत्यवती आत्या


गास, २९ ऑक्टोबर

ती. आत्यास नमस्कार.

उशिराचं कारण सांगत नाही. वाईट बातम्या एकदम लिहू म्हटलं.

पहिली, प्रस्ताव परत आला. जागा भरतीच्या पाण्याखाली जाणारी असल्याने तिथे उद्यान, पुतळा, बोर्डाचा खांब, काहीही उभारता येणार नाही. म्हणजे आम्ही जे कधी घडलंच नाही ते मॅडमना करून दाखवलं आणि त्यांनी ते खरं धरलं. मी पालघरला जाऊन सांगितलं की ते पाणी आम्ही सोडलं होतं. टेबलामागचा माणूस म्हणाला, "मग तर गुन्हा झाला. लेखी देता का?" मी तिथून सटकलो.

दुसरी, आता बांधाची डागडुजी करायलाही परवानगी लागणार. काकांनी फावडं उचलायचं तर आधी अर्ज. आणि भरावाचे ट्रक? ते रोज येतात. परवानगी न मागणाऱ्याला परवानगी नाकारता येत नाही. मी आणि हिलरी एका ट्रकपुढे उभे राहिलो. ड्रायव्हर खाली उतरला, म्हणाला, "भाई, हम तो मजदूर हैं, हमसे क्या लड़ते हो?" हिलरीने त्याला चहा पाजला. काय करणार?

तिसरी, आत्मारामभाऊ. तू लिहिलेलं खरं त्यांना सांगितलं, काकांचं नाव सोडून. ते डोक्याला हात लावून बसले. "कापणीला न जाणं? अरे, न जाण्याचा पुतळा कसा करणार?" मी म्हटलं, आता तसाही पुतळा होत नाहीये, निदान हॉलमधल्या फ्लेक्सवर तरी खरं लिहू. तर म्हणाले, "फ्लेक्स छापून झालेत." आता समितीच्या मीटिंगा बंद. हॉलमध्ये लग्नांचा सीझन.

चौथी माझी चूक आहे. तुझं पत्र मी काकांना वाचून दाखवलं. तू नको म्हटलं होतंस, माहीत आहे. पण मी त्यांना सगळ्यांदेखत वेडा म्हणालो होतो आणि नंतर रोज त्यांच्याच घरी जेवत होतो. ते ओटीवर जाळं विणत होते. तांदळाची गोणी आली तिथे त्यांचा हात थांबला.

"कंची गोनी?"

मी परत वाचलं.

"त्यो भात हिलरीच्या आयनं दिलता. आपला टोप रिकामा बगून." मग म्हणाले, "सत्तीला वाटलं म्यां तांदूळ घेतलं?" मला म्हणाले की स्वतःशीच, कळलं नाही. "यवडी वर्सं तिला त्यंच वाटतं?"

मी पुढचं वाचायला लागलो तर उठून आत गेले. दार लावून घेतलं.

काल सकाळपासून काका नाहीत. धुतलेला सदरा घालून गेले असं हेमांगी वहिनी म्हणतात. कुणाला काही बोलले नाहीत. फोन ते वापरत नाहीत. राजोडीला त्यांच्या मुलीकडे जाऊन आलो, तिथे नाहीत. बांधावर नाहीत. खाडीकडेही बघून आलो, कशासाठी ते लिहवत नाही. ॲन्सेल्म स्कूटर घेऊन नाळ्यापर्यंत फिरला. आज संध्याकाळपर्यंत आले नाहीत तर पोलिसांत जातो. स्पीड पोस्टने पाठवतोय. तू रागावशील, रागाव.

प्रितेश


नाशिक, १ नोव्हेंबर

प्रितेश,

पत्र सकाळी मिळालं. दाखवू नकोस म्हटलं होतं, दाखवलंस. तुला काय बोलू? मीच पन्नास वर्षांत एकदा विचारलं नाही, तू निदान वाचून तरी दाखवलंस.

सुनेकडून जितेशला ऑफिसात फोन लावून घेतला. तो म्हणतो, आई, येतील, म्हातारी माणसं जातात कुठेतरी. मी त्याला म्हटलं, बळी कुठे जात नाही. तो विरारच्या पलीकडे कधी गेला नाही, त्याला भरतीची वेळ चुकवून चालत नव्हतं. आता भात नाही, तर तो कशाला थांबेल? हेच डोक्यात फिरतंय सकाळपासून.

तू पोलिसांत गेलास का? गेला असशील तर त्याच्या उजव्या पायाचा अंगठा वाकडा आहे, ते सांग. लहानपणी फळीखाली सापडला होता.

उद्यानाचं मी सोडलेलं नाही. त्या मीरा मॅडमचा पत्ता मला पाठव. पाणी कधी शिरलं नव्हतं, आणि शिरलं ते तुमच्या अकलेने, असं मी माझ्या सहीने लिहून देते. गुन्हा म्हणाले तर म्हणू देत, एकाहत्तर वर्षांच्या बाईला धरून नेतील का? खांब उभारू देत नसतील तर नका उभारू. पण त्या ट्रकांना आधी थांबवा. बांध गेला तर मी कागदावर काहीही लिहिलं तरी ते गोष्ट म्हणूनच वाचतील. हेमांगीला सांग, बायका गोळा कर, तुमच्या छत्र्या घेऊन बसा. या वेळी कॅमेऱ्यासाठी नको. मी आले असते, पण माझे गुडघे आणि त्यातून

थांब. आर्या आत येऊन माझा दंड हलवतेय. बेल वाजली असणार, मला ऐकू आली नाही. तिला नीट सांगताही येत नाहीये. म्हणते, खाली वॉचमनकडे कुणी आजोबा आलेत, दोन-तीन दिवस या भागात प्रत्येक सोसायटीत विचारत फिरतायत. नाव सांगत नाहीत, भागापलीकडे पत्ता ठाऊक नाही, नुसतं ‘गासची सत्ती कुठं ऱ्हाते’ म्हणतात. वॉचमन त्यांना हाकलत होता, तेवढ्यात आर्या क्लासहून आली आणि तिला गास हा शब्द ऐकू आला.

वर आलेत. चपला हातात धरून दाराबाहेर उभे आहेत, आत या म्हटलं तरी येत नाहीत. ती विचारतेय, आजी, तुझं नाव सत्ती होतं का?

प्रितेश, पोलिसांत जाऊ नकोस. बळी आलाय.